सातातला एक

मी जिवंत असताना आमच्या तांड्यात माझ्यासाठी एकदा रडणं झालं. मी दारात उभी होते, धडधाकट, हातात चहाची गंजी, म्हणजे पातेलं, आणि नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या म्होरक्याच्या, घरची म्हातारी माझ्या गळ्यात पडून सूर लावून रडत होती. तिच्या हातातल्या पांढऱ्या बांगड्या माझ्या मानेला टोचत होत्या. मागे अंगणात आणखी बाया बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. कारण काय, तर मी कॉलेजातला एक विषय सोडला होता. कॉलेज नाही. विषय. सातातला एक.

आजही आर्णीच्या स्टँडवर कोणी ओळखीचं भेटलं की विचारतं, "काय वं, तू शिक्षण सोडलं होतं ना?" मी म्हणते, नाही सोडलं. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर असं हसू येतं की बाई आता लपवते आहे. मला लपवायचं काहीच नाही. उलट तो विषय मी कसा सोडला ते मी कोणालाही उभं करून सांगायला तयार आहे.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीपासून अर्ध्या तासावर आहे, म्हणजे बस आली तर. घरात आम्ही गोरबोली बोलतो, आईला याडी म्हणतो, वडिलांना बा. बाहेरच्यांशी बोलताना आपोआप वऱ्हाडी तोंडात येते, म्हणून घरातलं बोलणंही मी इथे तसंच लिहिते आहे. घरात याडी, बा, मी आणि समोरच्या खोलीत काका. काका म्हणजे बाचा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. तो आर्णीला एका कृषी केंद्रात काउंटरवर बसतो, बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो, आणि येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला औषधाच्या आधी माझ्याबद्दल सांगतो. आमच्या तांड्यातून बीएस्सीला जाणारी मी पहिलीच मुलगी. काकाने ही गोष्ट तालुकाभर पोचवली.

दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला तोच माझ्यासोबत आला होता. नवं धोरण आलं आणि विषयांची नुसती चळत लागली. एक मुख्य, एक त्याच्या खालचा, एक दुसऱ्या शाखेतला, एक कौशल्याचा, भाषेचा वेगळा, आणि एक असा की त्याचं नाव सांगायला अजून मला दम लागतो. हे सहा सगळ्यांनाच होते. टेबलामागच्या मॅडम म्हणाल्या, "मार्क चांगले आहेत हिचे. हुशार मुलं एक जादा विषय घेतात. संख्याशास्त्र आहे."

"घेते म्हंजे?" काका म्हणाला. "घेतेच."

मीही मान हलवली. त्या टेबलासमोर हुशार म्हणवून घ्यायला कोणाला आवडणार नाही? घरी आलो तर काकाने अख्ख्या तांड्याला सांगितलं की साऱ्या पोट्ट्यायले सहा, आपल्या पोरीले सात.

बाने मात्र एकच विचारलं, "पास होशीन ना?" त्याची अट पहिल्या दिवसापासून होती. एकदा नापास झाली की घरी, पुन्हा बसू देणार नाही. ही अट त्याने रागाने घातली नव्हती, म्हणूनच ती जास्त पक्की होती. रागात बोललेलं माणूस नंतर मागे घेतं. बाने ती उद्या नांगरटी आहे अशा आवाजात सांगितली होती.

संख्याशास्त्राचा वर्ग सकाळी साडेसातला. बाकीचे वर्ग अकराला. म्हणजे फाट्यावरून पहिली बस धरायची, त्यासाठी अंधारात निघायचं, तासभर सरासरी आणि विचलन शिकायचं आणि मग कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसून अकरा वाजायची वाट बघायची. बसायची कसली, झोपायची. दप्तर उशाशी घेऊन मी तिथे इतकी झोपले आहे की झाडणाऱ्या बाई माझ्या बाकाखालून अलगद झाडू मारायच्या. दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळची बस, घरी आल्यावर प्रॅक्टिकलच्या वह्या. सोयाबीनची सोंगणी संपली तशी कापसाची वेचणी सुरू झाली, मग रविवारही शेताचा. संख्याशास्त्राचा गृहपाठ बसमध्ये. आमच्या रस्त्यावर बसमध्ये काढलेला आलेख कसा येतो ते तो रस्ता पाहिलेल्यालाच कळेल.

तरी संख्याशास्त्र मला अवघड नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं न जमणारी गोष्टच माणूस सोडतं. मला ते जमत होतं. चाचणीत सर्वांत जास्त मार्क मला त्यातच होते. पण रसायनशास्त्र, ज्याच्यासाठी मी या कॉलेजला आले, ज्याच्या वासासकट मला सगळं आवडतं, त्यात मी पासाच्या रेषेखाली होते. भौतिकशास्त्रात रेषेवर. सातवा विषय स्वतः तगडा होत होता आणि बाकीच्यांना खात होता.

पहिली शंका मी सरांकडे बोलून दाखवली, संख्याशास्त्राच्याच. ते तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तासाप्रमाणे पैसे. दारव्ह्याहून मोटारसायकलने यायचे, थंडीत कानाला मफलर आणि डोळ्यांत पाणी. शिकवायचे जीव ओतून. मी म्हटलं, "सर, विषय सोडता येतो का मध्येच?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "येतो. पण तू कशाला सोडतेस? तू तर माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी."

"झेपत नाही, सर."

"हा पळपुटेपणा झाला," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि एक मूल जरी कमी झालं ना, तर पुढच्या वर्षी हा वर्ग राहत नाही. मग मीही राहत नाही."

ते एवढं सरळ बोलले की मला त्यांचा राग येईना. दिवसभर मी त्यांच्या मफलरचा विचार करत राहिले. बसमध्ये बसल्यावर मात्र राग आला, आणि नीट आला. म्हणजे माझी पाठ वाकली ती कोणाचा तरी वर्ग टिकावा म्हणून? कॉलेजला वर्ग टिकवायचा असेल तर कॉलेजने टिकवावा. तो माझ्या झोपेवर का उभा करायचा?

काकाला सांगितलं तेव्हा तो त्याच्या खोलीसमोर मोटारसायकल पुसत होता. फडकं तसंच हातात धरून त्याने मला आमचा इतिहास ऐकवला. हा इतिहास आमच्याकडे लग्नात, निवडणुकीत आणि पोरांना झापताना सांगतात. आपले लोक लदेणीचे. बैलांवर मीठ, धान्य लादून मुलुखच्या मुलूख तुडवले. वाटेत नद्या, जंगलं, वाघ. "पन सांग मले," काका म्हणाला, "आपल्यातला कोनी वझं वाटेत टाकून आला, आयकलं कधी? एकदा लादलं का मुक्कामालेच उतरवाचं. अन् तू एक विषय टाकाले चालली."

मी वह्या काढून बसले. पण ते डोक्यात राहिलं. माझा आजा, म्हणजे बाचा बाप, त्याने स्वतः लदेणी केली नव्हती, पण त्याच्या आज्याच्या गोष्टी तो आम्हाला सांगायचा. त्यातली एक गोष्ट काका विसरला होता, मी विसरले नव्हते. मुक्कामाला पोचलं की माणसांच्या भाकरीआधी बैलांच्या पाठी बघायच्या. हात फिरवून. जिथे कातडं सोललं, चट्टा पडला, त्या बैलाची गोण दुसऱ्या दिवशी उतरवायची आणि त्याला मोकळा चालवायचा. न उतरवली तर बैल बसतो, आणि बसलेला बैल उठत नाही. मग गोणही गेली आणि बैलही गेला.

मी रविवारी सकाळी काकाला तेच विचारलं. तो डबा घ्यायला आमच्या दारात उभा होता. "काका, पाठ सोलली तं त्या बैलाची गोन उतरवत नसत का?"

काका म्हणाला, "बैल येगळा, मानूस येगळं."

"हो," मी म्हटलं. "बैलाची पाठ कोणी तरी बघत होतं."

त्याने डबा हँडलला अडकवला आणि गेला. याडी चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही, पण तवा पुसणारा तिचा हात क्षणभर थांबला, हे मी पाहिलं.

तरी मी सोडला नव्हता. खरं सांगायचं तर तोंड चालवणं सोपं असतं. सरांचा मफलर, काकाचं तालुकाभर फिरलेलं कौतुक, वर्गातल्या मुलींचं "अगं तू सोडणार, मग आमचं काय" — हे सगळं ओलांडून ऑफिसच्या दारापर्यंत जायला पाय उचलत नव्हते. सोडणारी असा शिक्का बसला की तो जात नाही, हे मलाही वाटत होतं. मग रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल झालं.

साधंच होतं, पहिल्या वर्षीचंच, फक्त अचूकपणा बघणार होते. खालच्या चंबूत आम्ल, वरच्या नळीत अल्क. एकेक थेंब सोडायचा आणि खालचं पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं. फिकट, म्हणजे पांढऱ्या कागदावर चंबू धरला तरच कळेल इतकं. ह्यात माझा हात वर्गात एक नंबर. मी तोटी उघडली. पहिल्या वर्षी मला वाटायचं, हे मी जन्मभर करू शकेन. त्या दिवशी चंबू गुलाबी झाला. मग गडद झाला. मग जांभळट. मी बघत होते. माझे डोळे उघडे होते, मी रंग बघत होते, आणि तोटी बंद करायची असते हे माझ्या हाताला कळत नव्हतं. शेजारच्या मुलीने तोटी फिरवली आणि मला कोपराने ढोसलं, "झोपली काय वं?"

मी झोपले नव्हते. त्याहून वाईट होतं ते. जी एक गोष्ट मला मनापासून यायची, तिच्यासमोर मी उभी होते आणि मी तिथे नव्हतेच. रसायनच्या मॅडमनी वाचन विचारलं. तोवर नळी रिकामी झाली होती. त्यांनी वहीवर लाल शून्य मारलं आणि म्हणाल्या, "तुझ्याकडून अपेक्षा नव्हती."

माझ्याकडूनही माझी अपेक्षा नव्हती. मी हात धुतले आणि सरळ ऑफिसात गेले.

ऑफिसातले बाबू भले होते. त्यांनी अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. कारणाच्या जागी आले तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "तब्येतीचं लिहा. प्रकृती अस्वास्थ्य. किंवा घरगुती अडचण. पोरी तेच लिहितात."

"माझी तब्येत चांगली आहे," मी म्हटलं. "घरी पण काही झालं नाही."

"अहो, पण काही तरी लिहावं लागेल ना."

मी लिहिलं: सात विषय झेपत नाहीत, सहा झेपतात.

बाबूंनी वाचलं. चष्मा वर केला. "असं कोणी लिहीत नाही, ताई."

"मग आता लिहिलं," मी म्हटलं.

सरांची सही लागत होती. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला वर्ग संपेपर्यंत दारात उभं ठेवलं. ते फळ्यावर लिहीत राहिले, मुलं माझ्याकडे बघत राहिली. मला रडू येतंय की काय असं एकदा वाटलं, मग मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले आणि फळ्यावरचं उदाहरण मनातल्या मनात सोडवलं. बरोबर आलं. बाहेर येऊन त्यांनी अर्ज वाचला, कारणाच्या ओळीवर थोडा वेळ थांबले, आणि सही केली. नंतर चार दिवस ते व्हरांड्यात समोरून आले तरी भिंतीकडे बघत जायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "रसायन कसं चाललंय?" मी म्हटलं, चाललंय. पुढच्या वर्षी सूचनाफलकावर तो वर्ग नव्हता आणि सरही नव्हते. माझ्यामुळे, असं वर्गातल्या दोघी-तिघी म्हणतात. वाईट मला वाटतं, अजून वाटतं. पण ते ओझं मी उचलणार नाही. सरांची नोकरी माझ्या उशाखाली ठेवणाऱ्यांनी ते उचलावं.

घरी मी सही झाली त्याच संध्याकाळी सांगितलं. बा म्हणाला, "बाकीच्यात पास होशीन ना?" त्याला एवढंच हवं होतं. काकाला मात्र हे सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवर कोणी तरी माझ्याबद्दल विचारलं, आणि तो फुरंगटून म्हणाला, "पोरीनं सोडलं." एवढंच. काय सोडलं ते त्याने सांगितलं नाही. बियाणं घ्यायला आलेला माणूस आमच्याच तांड्याचा निघाला. दुपारच्या बसने बातमी तांड्यात पोचली ती अशी की पोरीचं कॉलेज सुटलं.

आमच्या जुन्या बायांची एक रीत आहे. कोणावर दुःख आलं की त्या येतात, त्या माणसाचा गळा धरतात आणि सूर लावून रडतात. त्या रडण्याला शब्द असतात, ते जागच्या जागी जुळवायचे असतात. आणि ज्याच्या गळ्यात पडल्या त्यानेही त्याच सुरात रडून उत्तर द्यायचं असतं. मुलगी सासरी निघाली, कोणी गेलं, वर्षांनी बहीण भेटली, हीच रीत. पण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला एक विषय कमी झाल्यावर ती चालते की नाही, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. नायकाच्या घरच्या म्हातारीने ते ठरवलं.

मी कॉलेजवरून आले, चहा ठेवला, तर अंगणात बाया. मला वाटलं, गावात कोणी वारलं. म्हातारी पुढे आली आणि एकदम माझ्या गळ्यात. माझे लेकी, आता तुझी वाट बघत बस फाट्यावर थांबेल गं. माझे लेकी, तुझी पुस्तकं कोणाच्या घरी जातील गं. तुझ्या काकाने मोठ्या कौतुकाने तुला दप्तर घेऊन दिलं गं. सूर इतका खरा होता की मी मान वळवून दप्तर जागेवर आहे ना ते बघितलं. मागच्या बायांनी हुंदके भरले. सगळ्या वाट बघत होत्या की आता मी सूर लावते.

मी लावला नाही. "आजी," मी म्हटलं, "मी उद्या सकाळी कॉलेजला जानार हाये."

म्हातारीला वाटलं, दुःखाने मी भ्रमले. तिने आणखी जोरात सूर लावला. मी चहाची गंजी खाली ठेवली, तिचे हात गळ्यातून सोडवले आणि तिला खाली बसवलं. "मी रडनार नाई," मी म्हटलं. "काही मेलं नाई. एक विषय होता, तो मीच सोडला. मले बरं वाटून राह्यलं. रडासारखं काही असतं तं मी तुमच्याआधी रडली असती."

बायांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. म्हातारीच्या गळ्यातला सूर परत करायचा नाही म्हणजे आमच्याकडे दगडाचं काळीज. पुढे कित्येक दिवस तांड्यात विषय सोडण्यापेक्षा ह्याचीच चर्चा झाली, की ती रडली नाही.

मग याडी पुढे आली. ती शाळा आणि मग शेत करून नुकतीच आली होती. तांड्याच्या शाळेत पोरांची खिचडी तीच शिजवते, तिच्या पदराला हळदीचा वास होता. तिने सगळ्यांना चहा दिला आणि बसून समजावून सांगायला लागली. "तिचं कॉलेज हायेच. सात होते, त्याच्यातला एक सोडला. बाकी सहा हायेत. नाव काई कटत नाई." एक बाई म्हणाली, असं कसं होते, एक सोडलं का सारंच सुटते. "नाई सुटत," याडी म्हणाली. "एक सोडला तं बाकीचे नीट होतात." तिने हे दोनदा-तीनदा सांगितलं, वेगवेगळ्या बायांना. तिसऱ्यांदा सांगताना ती बोलता बोलता थांबली आणि चहाच्या कपाकडे बघत बसली. मी तेव्हा स्वतःच्याच तावात होते, त्या थांबण्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

आठवड्याने एका संध्याकाळी याडी भाजी चिरायला बसली. मी लसूण सोलायला घेतला. तिने विचारलं, "खरंच नाव कटत नाई?"

"नाई वं."

"अन् बाकीचे सर काई म्हनत नाईत?"

"त्यायले तं बरंच हाये. मी आता वर्गात जागी असते."

तिने आणखी थोडी भाजी चिरली. "अन् ज्याचा विषय सोडला, तो रागावते?"

"रागावते," मी म्हटलं. "चार दिवस."

"मंग?"

"मंग काई नाई."

"हं," ती म्हणाली आणि भाजी चुलीवर टाकली.

आता याडीचं सांगायला हवं. पहाटे ती माझ्याही आधी उठते. शेळ्या, पाणी, चूल. माझा डबा, बाचा डबा, काकाचा डबा. मग शेत, मग शाळेतली खिचडी, मग परत शेत. बचत गटाची ती अध्यक्ष आहे, म्हणजे गटातल्या सगळ्यांची भांडणं तिच्या ओट्यावर. ह्यात काकाचा डबा हे वेगळंच प्रकरण होतं. बाला आणि मला काहीही चालतं. काकाला पोळी चालत नाही, ज्वारीची भाकरच लागते. तिला पापुद्रा सुटलेला लागतो. भाजी सकाळचीच लागते. तिखट वेगळं लागतं. आणि हे सगळं मोटारसायकलच्या हँडलला अडकवायला तयार, तो दारात येईल तेव्हा. याडी लग्न होऊन आली तेव्हापासून हा डबा चालू होता. सकाळी सगळ्यांच्या भाकरी तव्यावरून उतरल्या की काकाची शेवटी, सगळ्यात निगुतीने, आणि तोवर शेतात जायची वेळ व्हायची. मग याडी उरलेली थंड भाकर कापडात बांधून चालता चालता खायची. मी जन्मापासून तिला सकाळी चालतानाच खाताना पाहिलं आहे.

सहा विषयांची परीक्षा झाली. सहातही पास झाले. रसायनात फार काही उजेड पाडला नाही, पण प्रॅक्टिकलला माझा रंग इतका फिकट आला की बाहेरून आलेल्या परीक्षकाने चंबू दोनदा उजेडात धरला. काकाने निकाल काउंटरवर सांगितला की नाही, मला माहीत नाही. माझ्याशी तो जेवढ्यास तेवढं बोलत होता.

निकालानंतरच्याच आठवड्यात एक सकाळ. मी वेणी घालत होते. बाहेर काकाची मोटारसायकल आली, नेहमीसारखी चालू ठेवूनच तो दारात आला आणि हात पुढे केला. हात तसाच राहिला. फळीवर त्याचा डबा धुऊन पालथा घातलेला होता.

याडी चुलीसमोर मांडी घालून बसली होती. तिच्या पुढ्यात ताटली होती, ताटलीत तव्यावरून आत्ता उतरलेली भाकर, वाफ निघत असलेली. ती खात होती. बसून.

"वयनी," काका म्हणाला, "डबा?"

याडीने घास गिळला. "तुमचा सोडला, भाऊजी," ती म्हणाली. भांडणाचा आवाज नव्हता, बायांना समजावून सांगत होती तोच आवाज होता. "लय झाले होते. एक सोडला. बाकीचं सारं हायेच, नातं काई कटत नाई. संध्याकाळी या जेवाले, सकाळचं तुमचं तुम्ही बघा."

काकाने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू त्या ऑफिसातला अर्ज मीच तिला लिहून दिला होता. मी दिला नव्हता, पण दिला असता तर मला आनंदच झाला असता. मी वेणी घालत राहिले. मग पालथ्या डब्याकडे एकदा बघून तो वळला. मोटारसायकलचा आवाज फाट्याकडे गेला.

"याडी," मी म्हटलं, "काका रागावला."

"रागावन चार दिवस," ती म्हणाली आणि तव्यावरची दुसरी भाकर ताटलीत घेतली.